बेसबॉल न पाहिलेले मॅनेजरमामा

मामांनी आयुष्यात बेसबॉलचा एकही सामना पाहिला नव्हता, तरी अख्ख्या इंदुरात बेसबॉलचा संघ चालवणारे तेच एकटे. संघ पत्त्यांचा होता. मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन डॉक्टरांनी त्यांना तो खोका दिला होता. प्रत्येक पत्त्यावर एक खेळाडू, त्याचं वय, त्याची कामगिरी. सोबत दोन फासे. आपण खेळाडू निवडायचे, क्रम लावायचा, दमलेल्याला बदलायचं. म्हणून ते आमचे मॅनेजरमामा.

मामा सरकारी कचेरीत बडे बाबू, मी कॉलेजात शिकणारी भाची. दर रविवारी राजवाड्याजवळच्या त्यांच्या घरी माझी शिकवणी चाले. पहिल्याच दिवशी मी सगळा संघ वयानुसार लावला. सर्वांत पुढे चाळिशीचे एक गृहस्थ. मामा पोट धरून हसले. "अगं, ही काय लग्नाची पंगत आहे? काकांना नमस्कार कर और बाहर बिठा दे!"

"पहिला सीझन आराम से हरायचा," ते बजावत. "एका फाशावर फिदा व्हायचं नाही, दहा मॅच बघ. आणि कुणाची दया आली तर दस तक गिन, मग त्याचा पत्ता बाहेर काढ." मी दहा मोजत मोजत वर्षभर हरले. मामा जिंकले की स्वयंपाकघराकडे बघून "जीत गए!" असं ओरडत, आणि मामी आतून म्हणत, "ऐकलं, ऐकलं."

मग नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला ठरली. मामांच्या कचेरीतून चौघांनी जायचं होतं आणि नावं मामांनीच द्यायची होती. चौथं नाव होतं जोशीबाबूंचं. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, बायको अंथरुणाला खिळलेली. मामा यादीकडे बघत बसले होते. मी आगाऊपणे म्हटलं, "मामा, दहा मोजा." ते हसले नाहीत. माझं मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. बऱ्याच वेळाने त्यांनी जोशीबाबूंचं नाव खोडलं आणि तिथे स्वतःचं लिहिलं.

स्टेशनवर जोशीबाबू आले ते रडतच. "बडे बाबू, माझ्यासाठी तुम्ही..."

"तुमच्यासाठी कुठे, भिया?" मामा खिडकीतून गरजले. "भोपाळला एवढा मोठा तलाव आहे. रोज सकाळी मस्त पोहणार मी!"

त्यांच्या शेजारी बसलेल्या मामी खिडकीतून माझ्याकडे वाकल्या. "नर्मदेवर गेलो होतो, तर काठावर बसून लोट्याने अंघोळ केली यांनी," त्या हळूच म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.