लेओन्तीनच्या बरण्या

ऐंशीला टेकली तरी लेओन्तीन बदकं स्वतः मारायची. मीठ चोळून ठेवायची, मग त्यांच्याच चरबीत मंद आचेवर शिजवायची, तंगड्या बरणीत रचून वर चांगली बोटभर चरबी ओतायची. बरण्या आजेसासूच्या. वरचा अर्धा भाग पिवळ्या झिलईचा, खालचा कोऱ्या मातीचा, तळघरातल्या वाळूत रुतलेला. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, आमच्या गॅस्कनीत, हल्ली अशा बरण्या शोभेला दिवाणखान्यात मांडतात. लेओन्तीन त्यांत जेवण ठेवायची.

या हिवाळ्यात बरण्या भरल्या आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मुलगा जहाजावर. सून सोलांज बोर्दोची नोकरी सोडून आली. मनाने चांगली आहे, त्यात वाद नाही. डॉक्टर म्हणाले, चरबी बंद. सोलांजने ते मनावर घेतलं.

मी लेओन्तीनची जुनी मैत्रीण, तिला बघायला गेले तर सोलांज दारातच म्हणाली, "बाई, तळघरातल्या बरण्यांवरची सगळी चरबी खरवडून टाकली. आता आईंना नुसतं मांस देता येईल."

"टाकलीस कुठे?"

"कचऱ्यात. मागच्या आठवड्यात गाडी घेऊन गेली."

मी खाली उतरले. जिन्यातच वास आला. चरबीचं झाकण गेलं की मांस उघडं पडतं, आणि उघडं मांस नासतं. सगळ्या बरण्या हिरवट पडल्या होत्या.

लेओन्तीनची खाट तळघराच्या बरोबर वर आहे. मला बघून म्हणाली, "चमचा ऐकला मी. खर्र खर्र, एकेक बरणी. हाका मारल्या, पण हिचा रेडिओ चालू. उठता येईना गं, ओडेत. आणि बदकं काय मी आता पुन्हा मारणार आहे?"

"थांब, तिला चांगली सुनावते."

"सुनाव आणि जा घरी. रात्री-अपरात्री मला लघवीचं भांडं द्यायला कोण, तू येणारेस? तळघराला ओल आली, त्याने मांस नासलं म्हणून सांग."

उभा जन्म मी शाळेत पोरांच्या चुका तोंडावर सांगितल्या. त्या दिवशी सोलांजला ओलीचं सांगितलं.

"तरी मला वाटलंच, वास कसला येतोय," ती हळहळली. "आई, म्हणून म्हणते, फ्रीजच बरा."

"हो गं, फ्रीजच बरा," लेओन्तीन म्हणाली. मग तिला भिंतीकडे तोंड करायचं होतं. सोलांजने कंबरेला हात लावून तिला अलगद त्या कुशीवर वळवलं.