तात्यांचं पेव

तात्यांच्या घरात पाय आपटून चालायची सोय नव्हती. मी सिरसाळ्याला गुरांचा डॉक्टर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. त्यांची म्हैस तपासून हात धुवायला ओसरीवर आलो आणि बुटाची माती झाडायला फरशीवर दोनदा पाय आपटले. तर धोतरातला हा सहा फुटी माणूस ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "डाक्टर, हळू. खाली झोपलेत." घरात कुणी आजारी असावं असं वाटून मीही कुजबुजलो, "कोण?" तात्या म्हणाले, "वाइन." आतून काकूंचा आवाज आला, "दारू म्हणा की सरळ! डाक्टरला काहून फशिवताय?"

ओसरीखाली त्यांच्या आजोबांनी ज्वारी साठवायला खणलेलं पेव होतं. ज्वारी आता खळ्यावरून थेट बाजारात जाते, म्हणून ते रिकामं पडलेलं. तात्यांनी त्याला पायऱ्या केल्या, आतून चुना मारला. बाहेर वैशाखात पत्रे तडतडत असले तरी आत माठाजवळ बसल्यासारखं गार. तिथे वाळूवर परदेशी रेड वाइनच्या बाटल्या आडव्या निजवलेल्या. आडव्या अशासाठी की बूच ओलं राहावं. ते सुकलं तर हवा शिरते आणि माल आंबतो. बाळंतिणीच्या खोलीत न्यावं तसं त्यांनी मला दबक्या पावलांनी आत नेलं आणि बॅटरीच्या उजेडात एकेक बाटली दाखवली. हात मात्र लावू दिला नाही.

हे खूळ आलं कुठून? तात्या एकदा द्राक्षाची रोपं बघायला नाशिककडे गेले. रोपं राहिली बाजूला, कुणीतरी त्यांना जुन्या वाइनचं तळघर दाखवलं. "डाक्टर, आमी जन्मभर काय केलं? टमाटे सडायच्या आत इका, मोसंबी गळायच्या आत इका, कापूस भिजायच्या आत इका. व्यापाऱ्याला ठाऊकच असतंय, ह्याला घाई हाय. आन् तितं बगतो तर द्राक्षाचाच माल, पर जितका जुना तितका भाव! म्हनलं, आसा माल एकदा तरी आपल्या घरात पायजे." तेव्हापासून कापूस विकला की पुण्याच्या एका परवानाधारक व्यापाऱ्याकडून थोड्या बाटल्या घ्यायच्या आणि निजवायच्या. लोक माजलगावला प्लॉट घेत होते, बायकोला पाटल्या करत होते. हे आपले वाइन घेत होते!

गावाला तर चर्चेला आयतंच गुऱ्हाळ मिळालं. स्टँडवरच्या हॉटेलात तात्या चहाला टेकले की कुणीतरी विचारायचंच, "तात्या, पिकली का न्हाई तुमची द्राक्षं?" मला संताप यायचा, तात्यांना नाही. "निजू द्या," एवढंच म्हणायचे. पण मोटारसायकलवर माझ्यामागे बसले की हळूच बोलायचे, "एकदा ह्यास्नी इकून दावायचंय, डाक्टर. पैशासाठी न्हाई. तात्या येडा नव्हता, एवढं गावाला कळलं की बास."

आणि गंमत बघा, या माणसानं त्यातला थेंबही चाखला नव्हता. काकूंची अटच तशी होती. "ठिवायची तर ठिवा. पर ह्या घरात एक घोट जरी गेला, तर म्या चालले आष्टीला, माझ्या भावाकडं." मी एकदा विचारलं, "तात्या, चव तरी कशी असते हो?" तर म्हणाले, "म्या काय जाणू? आपन राखनदार."

अखेर एका दिवाळीच्या आधी पुण्याच्या व्यापाऱ्याचा निरोप आला. माल तयार झाला असणार, बघायला येतो. तात्यांनी धोतर इस्त्री करून आणलं. मी तेव्हा लाळ्या-खुरकुताच्या लसी टोचत गावात फिरत होतो, म्हटलं सकाळीच डोकावून यावं. रात्रभर कापसाच्या राखणीला रानात असलेले तात्या आणि मी बरोबरच अंगणात शिरलो आणि जागच्या जागी थांबलो. ओट्यावर, लख्ख उन्हात, सगळ्या बाटल्या उभ्या! अशा चकचकीत, की आरशासारखं तोंड दिसावं.

काकू पदरानं घाम पुसत पुढे आल्या. "पाव्हणं येनार, आन् बाटल्यांवर ही एवढी धूळ! रातीच भिजू घातल्या. काथ्यानं घासल्या. त्यो कागद काय चिकट, अवो! निघता निघंना. शेवटी नखानं खरडला." घमेल्यात लेबलांचा नुसता लगदा तरंगत होता. लेबल गेलं म्हणजे कुठली, कितव्या सालची, सगळंच गेलं. तात्या ओट्यावर बसले. काकूंची पाण्यानं सुरकुतलेली बोटं त्यांनी बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "लई चकाचक केल्यास गं."

दुपारी व्यापारी आला आणि कपाळाला हात लावून बसला. "काका, ही आता नुसती काळी बाटली. आत काय आहे ते कुणाला कळणार? आणि कळल्याशिवाय घेणार कोण?" काकू दाराआड उभ्या होत्या. तात्यांनी तिकडे न बघताच सांगितलं, "उंदरं हो. पेवात उंदरं लई झालीत. समदी लेबलं कुरतडली."

काकू तरातरा बाहेर आल्या. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज खणखणीत. "उंदरं न्हाईत. म्या धुतल्या." मग त्या वळल्या, आत गेल्या, आणि फराळाच्या ताटात स्टीलचे पेले घेऊन आल्या. "आता इकायची न्हाई ना? मंग उघडा. एवढी वर्सं ज्याच्यावर जीव टाकला, ते हाय तरी काय, बगू द्या ह्यास्नी."

उघडायची कशानं? इतक्या वर्षांत घरात बूच काढायचा स्क्रूच आलेला नव्हता! मी माझ्या पेटीतली म्हशीची कोरी जाड सुई बुचातून आरपार घातली आणि सिरिंजनं आत हवा भरली. बूच हळूहळू वर सरकलं. व्यापाऱ्यानं डोळे मिटून घेतले, त्याला बघवेना. बूच फट्कन निघालं तसे तात्या ओरडले, "उठली!"

व्यापाऱ्यानं घोट घेतला आणि पेला पुन्हा पुढे केला. तात्यांनी घेतला, जिभेवर घोळवला, आढ्याकडे बघितलं. "बरी हाय," ते म्हणाले, "पर उसाचा रस जास्त ग्वाड." काकूंनी करंगळी बुडवून जिभेला लावली. "जांभळावानी तुरट हाय की! ह्याच्यापायी एवढं?" हसून हसून माझ्या पेल्यातलं सांडलं. व्यापारी मात्र हसला नाही. "काका, तुम्ही सांभाळली फार सुंदर. लेबल असतं तर लोकांनी रांग लावली असती."

तात्या खाडकन उभे राहिले. "म्हंजे भाव आला आसता?"

"आला असता, काका. तुमचं बरोबर होतं."

"ऐकलं का डाक्टर? पेला ठिवा खाली. आदी हाटेलात जाऊन सांगून या!" आणि मी खरंच गेलो. चार जणांसमोर, अगदी टेबलावर हात आपटून सांगितलं.

त्यानंतर दर दिवाळीला एकेक बाटली माझ्या सुईनं उघडली जायची. ही कुठल्या सालची, यावर तात्या पैज लावायचे. जिंकलं कोण हे कुणालाच कळायचं नाही, म्हणून ते स्वतःलाच जिंकवायचे. मागच्या उन्हाळ्यात दुपारचे ओसरीवर आडवे झाले आणि झोपेतच गेले.

दिवाळीआधी काकूंकडे गेलो. घर नेहमीसारखंच लख्ख. भिंती सारवलेल्या, भांडी उन्हात मांडलेली, गोठ्यातली दावीसुद्धा धुतलेली. बुटाची माती झाडायची होती, पण पाय आपटायचा धीर झाला नाही. काकूंनी मला पेवात नेलं. शेवटची बाटली वाळूवर आडवी होती, वर बोटभर धूळ. मी सवयीनं खिशातून रुमाल काढला, तसा त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, डाक्टर. धूळ बी त्यांचीच हाय."