फळ्यावरची संख्या

काकांची शेवटची भेट गोंदियाच्या दवाखान्यात झाली. "मोबाईल हाय न तुह्याजवळ?" त्यांनी विचारलं. बालाघाटच्या घरी ज्या माणसाने फळ्यावरच्या त्या संख्येच्या आसपास मोबाईल फिरकू दिला नाही, तो आज आपण होऊन मागत होता...

माझे काका कॉलेजात गणित शिकवायचे. निवृत्तीच्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाने फळ्यावर एकेक अंक लिहिला. तयार झालेली ती लांबलचक संख्या काकांनी घरच्या बैठकीतल्या फळ्यावर उतरवून घेतली आणि मग घरचा रिवाजच पडला. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी क्रमाने पुढची मूळ संख्या मिळायची. पाहुण्याने त्या मूळ संख्येने फळ्यावरच्या संख्येला भागायचं, बाकी दाखवायची, मगच कप हातात; बाकी शून्य आली की अवयव सापडला, खेळ संपला. लांजीच्या जावयाने एकदा ऐटीत स्वतःच एक्क्याण्णव निवडली. "सात न् तेराचा गुणाकार हाय तो, जावईबापू!" काका इतके दुखावले, की जावयाची समजूत काढायची की त्यांची, हे काकूला कळेना. मी तर भागाकारात कच्ची; माझी बाकी ते पुन्हा तपासून घ्यायचे.

संख्या संयुक्त आहे, हे त्यांनी फार पूर्वी एका कसोटीने ताडून पाहिलं होतं. ती कसोटी संख्या फुटते एवढंच सांगते, कशाने ते सांगत नाही. त्या कसोटीसाठी त्यांनी पानंच्या पानं गुणाकार केले होते. दुखणं सुरू झालं आणि त्यांना त्याच गुणाकारांची धास्ती लागली. "एखादा हातचा चुकला असन त? मूळच असन त ती? इतक्या लोकायले मी फुकटच बसवलं काय वं?"

दवाखान्यात ते डोळे मिटून अंक सांगत गेले, मी मोबाईलमध्ये टाकत गेले. मूळ निघाली तर या माणसाला काय सांगू, या विचारात मी प्रत्येक अंक पुन्हा पडताळून घेतला. उत्तर आलं.

"फुटते, काका. दोन अवयव आहेत."

"माह्या मनासाठी खोटं सांगून नाही राह्यली न?"

"नाही हो."

"मंग कोणते ते सांगू नको."

त्याच आठवड्यात ते गेले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, याचा घोर मला लागून राहिला.

परवा बालाघाटला गेले. बैठकीत काकूशिवाय कुणी नव्हतं. फळ्याच्या कोपऱ्यात काकूने पुढची मूळ संख्या लिहून ठेवली होती. लहान अवयव तिच्या कितीतरी पुढे आहे, मला ठाऊक होतं. तिथवर पोचायला काकूच्या हयातीत तेवढे पाहुणे यायचे नाहीत.

"तुले माहीत हाय न?" काकूने विचारलं.

"हौ."

"तुहे काका बी म्हणत होते. म्हणे, पोरगी खरं बोलली, आता झोप येईन." तिने फळ्याखालचा खडू उचलला. "मले सांगू नको वं. हे संपलं त या घरात कोण येईन?"

तिने खडू पुढे केला. मी भागाकार मांडला. बाकी उरणार हे पक्कं माहीत होतं, तरी शेवटच्या अंकापर्यंत प्रत्येक हातचा पुन्हा तपासला.

बाकी उरली. काकू चहा ठेवायला उठली.