हजेरीपटात न मावलेल्या शांताबाई

मैत्रिणींनो, कॉलनीच्या भित्तिपत्रकावर हे आजच लिहायलेय, कारण दुपारपासून माझा लय जळफळाट व्हायलाय.

आपली घरं बांधणाऱ्या संस्थेच्या मॅडम आज आल्या होत्या. संस्थेच्या उपक्रमांचा इथल्या लोकांना किती उपयोग झाला, ते त्यांना मोजायचं होतं. चार वर्षं मी शिवणवर्ग चालवते. हजेरीपट, बायकांनी शिवलेली झबली, सगळं मांडून बसले होते.

मॅडमनी हजेरीपट मिटला आणि बायकांना एवढंच विचारलं, "विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत शाळा बंद होत्या, तेव्हा मुलं कुणाकडे ठेवून कामाला जायचात?"

"शांताबाईकडं," एकीमागून एक सगळ्या म्हणाल्या.

शांताबाईंचा कसला आलाय उपक्रम? ओट्यावर ज्वारी निवडत बसतात, एवढंच. तरी मॅडमनी त्यांचंच नाव लिहून घेतलं.

मग माझ्याकडं वळल्या. "आणि तुमची मुलं?"

माझी दोघं तेव्हा कुणाकडं जेवायची, हे साऱ्या कॉलनीला ठाऊक हाय.

"तिथंच," मी म्हणाले.

आता खरं सांगा. अडीअडचणीला माझं दार तुमी कधीच का वाजवलं न्हाई?