सोजरबाईंची आंबील

उदगीर मागे पडलं, भालकीची बस कर्नाटकात शिरली आणि पुढच्या थांब्यावर उतरून परत फिरावं, असं मला वाटू लागलं. पंधरा वर्षं मी खुनाच्या कादंबऱ्या लिहिते आहे. कागदावर माणसं मारताना हात कधी कापला नाही, एरवी मात्र मी पक्की भित्री. भिंतीवर पाल दिसली तरी नवऱ्याला हाका मारते. आणि आता मी अशा बाईकडे जेवायला निघाले होते, जिला मीच कादंबरीत खुनी केलं होतं.

तिला मी पाहिलेलंही नव्हतं. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आणि एक फोटो होता, इतकंच. भालकीजवळच्या मेहकरला येळवशीच्या दिवशी (मार्गशीर्ष अमावस्येला शेतात एकमेकांकडे जेवायची चाल) एक बाई जेवतानाच वारली. संशय धाकट्या जावेवर आला, मग डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला आणि प्रकरण मिटलं. मी मिटू दिलं नाही. माझ्या कादंबरीतली जाऊ आंबिलीत (ज्वारीच्या पिठाचं ताकातलं पेय) विष कालवते. गावाचं नाव बदललं, पण फोटोतल्या जावेच्या हनुवटीवरचं गोंदण आवडलं म्हणून ठेवून दिलं. गावाला ओळखायला तेवढं पुरलं.

ती जाऊ म्हणजे सोजरबाई. त्यांची मुलगी सुनंदा नौबादला शिक्षिका आहे. तिचं पत्र आलं की दोन येळवशी झाल्या, आईच्या शेतात कोणी घास घेत नाही. तुम्ही येऊन सगळ्यांदेखत जेवा.

भालकीच्या स्टँडवर सुनंदा उभी होती. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने चहा पाजला, रिक्षावाल्याशी कानडीत बोलून जागा मिळवली आणि वाटेत फक्त हरभऱ्याबद्दल बोलत राहिली. दोन्हीकडे तूर आणि हिरवी ज्वारी होती. शेताशेतात कडब्याच्या खोपी, त्यांच्यापुढे माणसांच्या पंगती. सोजरबाईंच्या खोपीपुढे घोंगडी अंथरली होती आणि तिच्यावर कोणी नव्हतं. शेजारच्या बांधावर दहाबारा जण येऊन उभे राहिले होते.

गोंदण फोटोतल्यासारखंच होतं. सोजरबाईंनी मला पाय धुवायला पाणी दिलं, भज्जी (डाळी-शेंगा-पालेभाज्यांची मिसळ) आणि बाजरीचे उकडलेले उंडे वाढले, मडक्यातली आंबील तांब्यात ओतून हातात दिली.

तांब्या ओठाशी नेला आणि मला माझंच पान आठवलं. आंबट वासाखाली दुसरा वास लपतो, असं मीच लिहिलं होतं. या बाईने विष घातलं नव्हतं, हे जगात माझ्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं. पण आता हिला माझा राग असेल, हिला आता कारण आहे, असंही मनात आलं. मला खरोखर मरणाची भीती वाटली. हात थांबला.

बांधावरची माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

“कामून थांबलाव बाई?” सोजरबाई हळूच म्हणाल्या. “तुमीच लिव्हलंय न्हवं? तुमालाबी खरं वाटायलंय?”

मी डोळे मिटून प्याले. दुसरा तांब्या मागितला, तोही प्याले. भज्जी बोटं चाटून खाल्ली, चव मात्र कळली नाही. मान वर केली तेव्हा बांधावर कोणी उरलं नव्हतं. सोजरबाईंनी ताट उचललं आणि वाटेसाठी शेंगदाण्याच्या पोळ्या फडक्यात बांधून दिल्या. मी माफी मागितली. “ऱ्हाऊ द्या,” म्हणाल्या आणि मडक्यावर झाकण ठेवलं.

परतीच्या बसमध्ये सुनंदाचा फोन आला. तिच्या आवाजात अजूनही राग नव्हता. “मॅडम, तुम्ही प्यालात हे गावात कोणी सांगत नाही. थांबलात, तेवढंच सांगायलेत.”

खून लिहिणं सोपं आहे. शेवटच्या पानावर सगळं उलगडतं आणि वाचक निवांत झोपतो, असं मी आजवर मुलाखतींत ऐटीत सांगत आले. मेहकरला जाऊन पोचलेला माझा खून मात्र मला परत घेता आला नाही.

घरी पोचून मी हातपाय धूत होते, तेवढ्यात नवऱ्याने फडकं सोडून पोळी तोंडात टाकली. छान आहे म्हणाला. त्याने दुसरी संपवून पाणी पिईपर्यंत मी दारात उभी राहून त्याचा चेहरा न्याहाळत होते.