दाजींच्या गाडीतला फॉल्ट

बंद पडलेली गाडी बघून ज्याचा चेहरा खुलतो, असा माझ्या ओळखीतला एकमेव माणूस म्हणजे माझे थोरले साडू. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. येडगावला राहतात. नोकरीत असताना ते कालव्यावर पाटकरी होते. धरणातून सुटलेलं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचतं की मधेच कोणी पाट फोडून पळवतं, हे बघत त्यांनी उभी हयात काढली. आधी सायकलवरून आणि मग याच मोटारसायकलवरून. निवृत्तीनंतर पाण्याचा पाट सुटला. मग ते गाडीच्या वायरींतून हिंडायला लागले.

"करंट म्हंजी पाणीच की, पावणं," ते मला समजावतात. "ब्याटरी हे धरण. दिवा हा शेवटचा शेतकरी. दिवा लागंना म्हंजी मधी कुठंतरी पाट फुटलाय. आपून काठाकाठानं बघत जायाचं."

इतर निवृत्त माणसं खिशात पेन ठेवतात. दाजींच्या खिशात इंडिकेटरचा एक बल्ब असतो, त्याला दोन वायरी जोडलेल्या. ही त्यांची वैद्यकी. कुठेही जरा काही विझलं, गुरगुरलं किंवा गप्प झालं, की बल्ब बाहेर. माझ्या लग्नात अक्षता पडत असताना ते मांडवातल्या माइकची वायर तपासत होते. सगळ्या फोटोंत त्यांची फक्त पाठ आली आहे. स्वतःच्या गाडीच्या वायरिंगला मात्र त्यांनी मेकॅनिकचा हात कधी लागू दिला नाही. नारायणगावच्या एका गॅरेजवाल्याने "काका, अख्खी वायरिंग नवी टाकू," असं म्हटलं, तेव्हा ते तिथून गाडी ढकलत घरी आले. "एक पाट फुटला म्हनून समदा कालवा बुजवायचा व्हय?" हे वाक्य त्यांनी पुढे महिनाभर भेटेल त्याला ऐकवलं.

त्यामुळे त्या गाडीचा स्वभाव अगदी स्वतंत्र झाला होता. डावा इंडिकेटर लावला की हॉर्न कण्हायचा. ब्रेक दाबला की हेडलाइट मान टाकायचा. एकदा ओतूरकडे कोणाच्या तरी दशक्रियेला गेलो होतो. पिंड मांडलेला, सगळे नदीकाठी हात जोडून उभे, आणि मोठ्या मिनतवारीने एक कावळा खाली उतरला. तेवढ्यात झाडाखाली उभी असलेली दाजींची गाडी आपली आपण जोरात ओरडली. कावळा जो उडाला तो नदीपार. मग घरच्यांना वाटलं, म्हाताऱ्याची काहीतरी इच्छा राहिली. मुलीचं लग्न लावून देतो म्हणून झालं, देवाला जाऊन येतो म्हणून झालं. शेवटी थोरल्या मुलाने धाकट्याला विहिरीत वाटा द्यायचं कबूल केलं, तेव्हा कावळा शिवला. परत येताना दाजी म्हणाले, "हार्नचा फॉल्ट आदीच न्हाई काढला ते बरं झालं म्हना."

तर अशा या गाडीला त्या वर्षी एक नवीनच आजार जडला. चालता चालता मधेच मरायची. दोन मिनिटं थांबलं, किक मारली, की पुन्हा चालू. दाजींनी प्लग बदलला, कॉइल बदलली, ठिणगी पाडणारा तो काळा डबा बदलला. बल्ब घेऊन सहा महिने ते अंगणात बसून होते. घरात ताई, म्हणजे माझी मेहुणी, "एवढी सेवा माझ्या आईबापाची केली असती तर," असं म्हणायची. त्यावर दाजी हसायचे, पण आतून खट्टू झाले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना फुटलेला पाट सापडत नव्हता.

भातकापणीच्या दिवसांत आम्ही दोघे जावई सासुरवाडीला गेलो. सासुरवाडी आंबेगाव तालुक्यात, डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. माझी धड स्कूटर घरी ठेवून दाजींनी मला आपल्याच गाडीवर बसवलं, कारण "घाटात तिचा फॉल्ट घावंल." वाटेत ती चार वेळा मेली. सासूबाईंना आम्ही मामी म्हणतो. मामी दारात उभ्याच होत्या. "आलं का ढकलगाडीवालं पावणं?" असं त्यांनी स्वागत केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास खळ्यावर भाताचा भारा उचलताना मामींच्या हाताला विंचू चावला. पहिल्यांदा त्या "काय न्हाई, मुंगीवानी झालंय," म्हणाल्या. अर्ध्या तासात त्यांच्या अंगाला दरदरून घाम फुटला, हात गार पडले, उलटी झाली. तिकडच्या लोकांना हे जिवावरचं लक्षण माहीत आहे. सगळ्यांचे चेहरे उतरले. गावातली एकुलती एक जीप बाजाराला गेलेली. फोनला रेंज नाही. दारात उभी होती ती फक्त दाजींची गाडी.

दाजींनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बसा," म्हणाले. मामींना मधे बसवलं, मी मागून त्यांना दोन्ही हातांनी धरलं आणि आम्ही घोडेगावच्या दवाखान्याकडे निघालो.

पहिल्याच वळणावर गाडी मेली. दाजींनी किक मारली, चालू झाली. फर्लांगभर गेलो, एक वळण निभावलं, पुढच्या वळणाला पुन्हा मेली. मामींचा श्वास मला हाताला लागत होता, भरभर आणि उथळ. दाजींच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. तिसऱ्यांदा गाडी मेली तेव्हा त्यांना किकसुद्धा धड मारता येईना.

"थोरलं पावणं," मामी डोळे मिटूनच म्हणाल्या, "आदी ती मरतीय का मी, ते तरी ठरवा."

"मामी, बोलू नका," मी म्हणालो.

"बोलू नको कसं? डाव्या हाताला वळली की मरतीय ती. उजवीकडं वळताना कुठं मरतीय? येवढं न्हाई दिसत तुमाला?"

दाजींनी गाडी चालू केली आणि उभ्या उभ्याच हँडल डावीकडे फिरवलं. गाडी मेली. ते गुडघ्यावर बसले, हँडलच्या मानेखाली हात घातला आणि वायरींचा जुडगा बाहेर ओढला. एका वायरीचं वरचं आवरण घासून गेलं होतं आणि आतली तांब्याची तार उघडी पडली होती. ती चावीकडे जाणारी वायर. चावी बंद केली, की याच वायरीतून ठिणगीचा करंट गाडीच्या लोखंडात जिरतो आणि इंजिन थांबतं. हँडल डावीकडे वळलं की ती तार लोखंडाला टेकायची, आणि गाडीला वाटायचं, मालकाने चावी बंद केली.

"हितं फुटला व्हता व्हय रं!" दाजी ओरडले. टेप लावत बसायला वेळ नव्हता. त्यांनी ती वायर जोडणीतून सरळ उपटूनच काढली. किक. गाडी सुरू झाली, आणि मग डावी, उजवी, सगळी वळणं घेत अशी सुटली, की मला मामींना धरावं की स्वतःला, कळेना.

दवाखान्यात मामींना स्ट्रेचरवर घेतलं, दाजी चपला गाडीपाशीच सोडून मागे धावले, आणि मी गाडीशी उभा राहिलो. चावी फिरवली. गाडी चालूच. चावी काढून घेतली. तरी चालूच. आतून एक नर्स चिडून बाहेर आली. "अहो, गाडी बंद करा!"

तेवढ्यात तिच्या मागोमाग दाजी आले. "बाई," ते हात जोडून म्हणाले, "सहा महिनं ही चालू ऱ्हावी म्हनून धडपडतोय. आता बंद व्हईना."

मग स्वतःच भानावर येऊन त्यांनी गीअर टाकला, ब्रेक दाबून क्लच सोडला. गाडीने एक आचका दिला आणि गप्प झाली. अंगण एकदम शांत झालं. आम्ही पायरीवर बसलो. दोनेक तासांनी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "धोका टळलाय. बरं झालं, वेळेत आणलंत." दाजींनी मान हलवली. नुसताच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मला आयुष्यात इतकं हलकं पुन्हा कधी वाटलेलं नाही.

मामी आजही ठणठणीत आहेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, की जावयाची गाडी आपणच दुरुस्त केली. दाजी मात्र थकले. मुलं चाकणला असतात, येडगावच्या घरात ताई आणि ते दोघंच. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी त्यांना तपकिरी आणि लाल वायर वेगळी ओळखता येत नाही. म्हणून शनिवारी त्यांचा फोन येतो, "पावणं, गाडीची लाइट गेलीय बघा, उद्या जरा येऊन जाता का?" मी रविवारी जातो. बघतो तर कुठलीतरी एक जोडणी नीट, हलक्या हाताने सोडवून ठेवलेली असते. गाडीच्या धक्क्याने वायर अशी कधी निघत नाही. मला ती पहिल्या मिनिटालाच दिसते. पण मी टाकीखाली डोकं घालून उगाच शोधत राहतो. ताई चहा ठेवते, दाजी शेजारी स्टूल ओढून कालव्यावरच्या जुन्या गोष्टी सांगत बसतात, आणि ऊन उतरेपर्यंत मला काही तो फॉल्ट सापडत नाही.