वल्हं उचलतो ती जागा

विष्णुपुरीच्या धरणात मासे धरणारा तो माणूस कुणाचंही जाळं दिसलं की त्याच्या विणीतल्या एका घरात दोन बोटं घालून बघतो. बोटं अडकली की म्हणतो, "यानं पिल्लं मरतेत. दुसरं आण." बोलताना समोरच्याकडे नाही, पाण्याकडे बघतो. दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ इथल्या डोहात बुडून गेला, तेव्हा त्याला यानेच तळातून वर काढलं होतं.

पावसाळ्यात अंड्यावर आलेली मासळी त्याच डोहात जमते. तरी यंदा तिथे कुणी जाळं टाकेना. कारण नंतर कळलं. यानेच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की सरांचा, म्हणजे माझा, भाऊ अजून खाली आहे आणि हाका मारतो.

मला ते लागलं. काठावर जाऊन विचारलं, "मासे वाचवायला माझाच भाऊ सापडला का?"

"बंदीच्या सरकारी पाटीला कोनी भेत न्हाई, सर. तुमच्या भावाला भेतेत. लई पिल्लं झाली बघा औंदा."

"पण त्याला तुम्हीच बाहेर काढलंत ना?"

"हाव. काढलं की." त्याने होडी लोटली.

मी निघालो, पण बाभळीआड थांबलो. काठ रिकामा आहे असं त्याला वाटलं असावं. डोहापाशी येताच त्याने वल्हं पाण्याबाहेर उचललं आणि कान देऊन बसला. होडी आपसूक पुढे सरकत होती. मग तो हळू आवाजात बोलला, आणि पाण्यावरून ते मला स्वच्छ ऐकू आलं.

"हाव. आल्ते सर. आत्ताच गेले."